जुन्या ट्रॅक्टरचा अडकलेला लायनर

दसरा जवळ आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या बॉयलरांत अग्नी पडण्याचे दिवस येतात, आणि पावसाळाभर गोठ्याशेजारी बाभळीखाली उभा असलेला जुना ट्रॅक्टर मालकाला आठवतो. बॅटरी जोडून पाहावी, तर इंजिन फिरत नाही. फिरलेच तर निळा धूर काढते. कधी ऑइल बघण्याची पट्टी बाहेर काढली, तर तिला काळ्या ऑइलऐवजी ताकासारखे पांढुरके काहीतरी लागलेले दिसते. मिस्त्री येतो, वरचे हेड उतरवतो आणि सांगतो, "दादा, लायनर बदलावे लागतील." इथपर्यंत ठीक. पण पुढे दोन दिवस खटपट करूनही लायनर जागचा हलत नाही, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी कोणीतरी घण आणतो, आणि पुष्कळदा लायनरऐवजी इंजिनाचा ब्लॉकच तडकतो.

ब्लॉक तडकला म्हणजे काय झाले, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ब्लॉक ओतीव लोखंडाचा. त्याला वेल्डिंग करता येते, पण ते टिकेल याची खात्री कोणी देत नाही. जुन्या बनावटीच्या ट्रॅक्टरचा नवा ब्लॉक मिळणे कठीण. मग ज्याचे सगळे हप्ते कधीच फिटलेले आहेत असा घरचा ट्रॅक्टर भंगाराच्या काट्यावर जातो आणि नव्यासाठी कर्जाचा कागद पुढे येतो. म्हणून हा लायनर का अडकतो आणि तो ब्लॉकला धक्का न लावता कसा काढावा, याचा थोडा विचार करू.

लायनर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेली नळी. पिस्टन वरखाली होतो तो या नळीत. घर्षणाने नळी झिजली तर ती बदलता यावी आणि ब्लॉक जन्मभर पुरावा, ही त्यामागची युक्ती. आपण उखळाला लोखंडी वळे बसवतो आणि ते झिजले की बदलतो, त्यातलाच हा प्रकार. लायनर दोन जातींचे. एका जातीला ओला लायनर म्हणतात. त्याच्या बाहेरच्या अंगाला इंजिन थंड ठेवणारे पाणी थेट लागते. ब्लॉकला तो फक्त वरच्या काठाला आणि खालच्या बैठकीत टेकलेला असतो, आणि खाली पाणी अडवायला रबरी रिंगा किंवा गॅस्केट असते. दुसरा कोरडा लायनर. तो पातळ असतो, साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, आणि ब्लॉकच्या भोकात सबंध लांबीभर घट्ट दाबून बसवलेला असतो. त्याला पाणी लागत नाही.

आपल्याकडे दोन्ही जातींची इंजिने आहेत. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात तयार झालेल्या छोट्या करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरपैकी पुष्कळांना स्टँडर्ड कंपनीचे इंजिन होते. त्याचे लायनर ओले. झेटर ट्रॅक्टर मूळचे चेकोस्लोव्हाकियातले, आणि १९७१ पासून पिंजोरच्या एचएमटी कारखान्यात त्याच बनावटीवर आपल्याकडे ट्रॅक्टर निघू लागले. त्यांचेही लायनर ओले. उलट मॅसी फर्ग्युसन ३५ या गाड्यांवरील पर्किन्सच्या तीन सिलिंडरी डिझेल इंजिनाचे लायनर कोरडे. आपला लायनर कोणत्या जातीचा हे सुटे भाग विकणाऱ्याला ट्रॅक्टरचा व इंजिनाचा नंबर सांगून आधी विचारावे. हेड काढल्यावर लायनरच्या काठाची जाडी पाहिली तरीही बराच उलगडा होतो. ही चौकशी न करता जो हातात हत्यार घेतो, तो अर्धे काम बिघडवूनच सुरुवात करतो, असे माझे मत आहे.

आता तो अडकतो का? याचे उत्तर थोडे आपल्या जमिनीत आहे.

१८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या कोरड्या मुलखाला पाणी मिळाले. पाण्याबरोबर ऊस आला आणि काही वर्षांनी उसाबरोबर जमिनीवर पांढरी फुटली. निचरा नाही, पाणी मात्र भरपूर; खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले आणि चांगल्या काळ्या राना-रानांत मिठाचे पांढरे पापुद्रे दिसू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली सरकारी शेतकी खात्यातर्फे एक पुस्तिका काढली होती. (हेच मॅनसाहेब पुढे पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या गावांच्या पाहणीमुळे आपल्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांना परिचित झाले.) जो क्षार जमिनीत, तोच विहिरीत. जो विहिरीत, तोच आपण बादलीने ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये ओततो.

घरातल्या पाणी तापवायच्या बंबात डोकावून पाहा. आत पांढरट, खडबडीत थर बसलेला दिसेल. जड पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना दगडासारखा भांड्याला चिकटतो. इंजिनात तेच होते, पण तिथे हा थर खरवडायला आपला हात पोहोचत नाही. ओल्या लायनरच्या खालच्या बैठकीजवळ पाण्याचा वेग कमी असतो. गाळ आणि चुना तिथे साठतो आणि लायनर व ब्लॉक यांच्यामधली बारीक फट बुजवून टाकतो. पाण्यातले मीठ म्हणजे क्लोराइड, ते दुसरे काम करते. ते लोखंडाला गंज चढवते. गंजाची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ज्या लोखंडापासून तो होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. भिंतीतली सळई गंजली की सिमेंटचे ढलपे पडतात, ते याच कारणाने. अरुंद फटीत गंज चढला की तो पाचर मारल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबत बसतो. ट्रॅक्टर रोज चालत असला तर हे सावकाश होते. तोच पावसाळ्याचे चार महिने पाण्यासकट उभा राहिला तर झपाट्याने होते.

कोरड्या लायनरची तऱ्हा वेगळी. त्याला पाणी लागत नाही, पण हेड गॅस्केट जळून पाणी आत उतरले, किंवा धुराड्याच्या नळीवर डबा घालायचा राहिला आणि पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटतात. खेरीज तो मुळातच घट्ट बसवलेला. वर्षानुवर्षे तापून आणि निवून तो ब्लॉकशी एकजीव झाल्यासारखा होतो.

कामाला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट. जुन्या छोट्या ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन हाच त्याचा मणका. पुढचा आस इंजिनाला, मागचा गिअरबॉक्स इंजिनाला. तेव्हा खालचे ऑइल चेंबर उतरवताना ट्रॅक्टरचा भार कशावर राहणार, याचा विचार आधी झाला पाहिजे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये. दोन्ही बाजूंना लाकडाचे जाड ओंडके द्यावेत. मागची चाके दगड लावून अडवावीत आणि बॅटरीची तार काढून ठेवावी.

रेडिएटरमधले पाणी काढताना त्यात कूलंट असेल तर ते भांड्यात धरून झाकून ठेवावे. कूलंटमधले ग्लायकॉल गोड लागते, आणि कुत्रे किंवा वासरू ते प्याले तर दगावते. गोठ्याजवळ काम करताना हे विसरता कामा नये.

हेड, ऑइल चेंबर आणि मग पिस्टन असा क्रम. लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची रिंग पोहोचत नाही, तिथे न झिजलेला एक काठ राहतो. तो आधी घासून काढावा, नाहीतर पिस्टन वर येताना रिंगा तिथे अडकून तुटतात. प्रत्येक पिस्टन, त्याचा रॉड आणि रॉडची टोपी यांवर नंबर टाकावेत. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. क्रँकवर स्वच्छ कापड गुंडाळून बांधावे, कारण यापुढे वरून गंज आणि चुना पडणार आहे.

पिस्टनच चिकटला असेल तर सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल, ते नसेल तर डिझेल ओतून दोन-चार दिवस वाट पाहावी. ही वाट पाहणे लोकांना जड जाते. कारखान्याची तारीख डोळ्यांपुढे असते. पण तेलाला फटीत उतरायला वेळ लागतोच. नंतर पिस्टनच्या माथ्यावर सबंध बसेल असा लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्यावर उघड्या हातोड्याचा घाव घालू नये.

आता ओला लायनर. तो मुख्यतः खालच्या बैठकीत अडकलेला असतो, तेव्हा तिथला चुना आणि गंज मऊ करणे ही पहिली पायरी. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल बुचे असतात. ती काढली की पाण्याची पोकळी दिसते. तिथून वाकवलेल्या तारेने, पट्टीने जितका गाळ निघेल तितका खरवडून काढावा. कधी कधी घमेलेभर निघतो! मग दहा-पंधरा लिटर कोमट पाण्यात किलोभर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून ते ब्लॉकच्या पोकळीत काही तास भरून ठेवावे. रेडिएटर त्याआधी सोडवलेला असावा. चुन्यावर आम्ल पडले की फसफसून वायू निघतो, चुना विरघळतो, आणि गंजही थोडाबहुत सुटतो. नंतर पाण्याने, आणि मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पोकळी धुवावी, म्हणजे आम्ल मागे राहत नाही. फरशी धुण्याचे तेज ॲसिड काही जण वापरतात. ते चुन्याबरोबर लोखंडही खाते, ॲल्युमिनियमच्या भागांचे तर वाटोळेच करते. त्याच्या वाटेला जाऊ नये.

शिक्षकबंधूंना येथे वर्गात दाखवण्यासारखा एक सोपा प्रयोग आहे. बंबातला पांढरा खडा घ्यावा, त्यावर लिंबाचा रस पिळावा आणि बुडबुडे पाहावेत. चुनखडीवर आम्लाची क्रिया म्हणून पुस्तकात जे येते, ते हेच.

यानंतर पुलर. हे हत्यार गावातला कोणताही लेथवाला करून देऊ शकतो. लायनरच्या खालच्या तोंडाला बसेल अशी जाड पोलादी चकती, तिच्यातून वर येणारा आटे पाडलेला दांडा, आणि ब्लॉकच्या वर आडवा टाकायचा भक्कम पूल. पुलावरचा नट फिरवला की दांडा आणि त्याच्याबरोबर चकती वर येते व लायनरला खालून उचलते. चकतीच्या मापात सगळे मर्म आहे. ती लायनरच्या आतल्या व्यासापेक्षा मोठी हवी, पण बाहेरच्या व्यासापेक्षा लहान हवी. काठ जरासा बाहेर आला तर ती लायनरऐवजी ब्लॉकलाच ओढू लागते, आणि मग ब्लॉक फुटल्याशिवाय राहत नाही. त्याचप्रमाणे वरच्या पुलाचे पाय लायनरच्या काठावर टेकता कामा नयेत. तो काठ तर वर यायचा आहे. दोन्ही बाजूंना ब्लॉकच्या सपाटीवर समान उंचीचे ठोकळे ठेवून त्यांवर पूल टाकावा.

घणापेक्षा हा नट बरा कसा, ते पाहा. दांड्याच्या आट्यांचे अंतर अडीच मिलिमीटर आणि पाना अर्धा मीटर लांब धरला, तर पान्याचे टोक एका फेरीत सव्वातीन मीटरांच्या आसपास फिरते तेव्हा लायनर फक्त अडीच मिलिमीटर वर येतो. म्हणजे हाताचा जोर हिशेबाने साडेबाराशे पट झाला. आट्यांतील घर्षण त्यातला फार मोठा वाटा खाते. शंभरातले पंधरा भाग उरले असे धरले तरी वीस किलोच्या ओढीचे तीन-चार टन होतात. आणि हे वजन लायनरवर चोहोबाजूंनी सारखे पडते. घणाचा घाव पडतो तो एकाच काठावर. लायनर तिरका होतो आणि अधिकच घट्ट बसतो.

नट पुरेसा आवळला आणि लायनर हलला नाही, तर पुढे आणखी आवळत बसू नये. ताण तसाच ठेवून फटीत पुन्हा तेल सोडावे आणि दांड्याच्या माथ्यावर, त्याच्या आट्यांना इजा होणार नाही अशा बेताने, हातोड्याचे छोटे कडक ठोके द्यावेत. कंपाने गंजाची पकड सुटते. नाही सुटली तर रात्रभर तसेच राहू द्यावे. पुष्कळदा सकाळी नट सैल झालेला आढळतो, म्हणजे लायनर आपण होऊन केसभर वर आलेला असतो. एकदा "टण्" असा आवाज होऊन तो हलला की बाकीचे काम पाच मिनिटांचे.

कोरड्या लायनरला हेच पुलर चालते, पण चकतीचा काठ फार अरुंद राहतो, म्हणून माप अधिक नेमके हवे. तो दाद देत नसेल तर उष्णतेचा उपाय करतात. तो समजायला बैलगाडीच्या चाकाला धाव कशी बसवतात ते आठवावे. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात. दीड मीटर व्यासाच्या धावेचा व्यास पाचशे अंश तापल्यावर सुमारे नऊ मिलिमीटरने वाढतो. ती चाकावर चढवून पाणी ओतले की आवळून बसते. तापलेले लोखंड फुगते आणि निवले की आकसते, एवढेच त्यातले शास्त्र. पण आपल्या कामात एक मेख आहे. लायनर आणि ब्लॉक दोन्ही ओतीव लोखंडाचे. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच फुगतील आणि पकड होती तशीच राहील. नुसत्या लायनरमध्ये गॅसची ज्योत धरली तर तापलेपणी तो उलट अधिक घट्ट होतो. ब्लॉक गरम आणि लायनर गार, असा फरक पाडता आला पाहिजे.

तो असा पाडावा. ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत उकळते पाणी फिरवावे आणि त्याच वेळी लायनरमध्ये जाड प्लास्टिकच्या पिशवीतून बर्फ आणि मीठ भरावे. बर्फात मीठ घातले की तो शून्याच्याही बराच खाली जातो. आइस्क्रीमच्या पॉटात आपण तेच करतो. इंदापूरकरांना बर्फ लांबून आणायला नको, भिगवणच्या मासळी बाजारामुळे तो जवळच मिळतो. शंभर मिलिमीटर व्यासाच्या लायनरला ब्लॉकपेक्षा ऐंशी अंशांनी गार ठेवता आले, तर व्यासात सुमारे नऊ शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. ही झाली माणसाच्या एका केसाची जाडी. ऐकायला थोडी वाटते, पण दाबून बसवलेल्या नळीची पकड तेवढ्याने सैल होते. मात्र काम झटपट हवे. पुलर आधीच लावून ताणून ठेवावा, कारण थोड्याच वेळात दोघांचे तापमान सारखे होते. आणि गरम ब्लॉकवर बाहेरून गार पाणी ओतू नये. ओतीव लोखंड त्याने तडकते.

तरीही न निघणाऱ्या लायनरसाठी हुशार वेल्डर एक तोड करतात. लायनरच्या आतल्या अंगाला वरपासून खालपर्यंत वेल्डिंगच्या दोन-तीन उभ्या रेघा ओढतात आणि तो निवू देतात. वेल्डिंगच्या वेळी तिथले लोखंड फुगू पाहते, पण भोवतालचा ब्लॉक त्याला फुगू देत नाही. ते आतल्या आत चेपले जाते. निवताना मात्र ते आकसते, आणि आता पहिल्यापेक्षा लहान होते. कधी कधी असा लायनर हाताने उचलता येतो. लायनर टाकाऊच असतो, तो तडकला तरी दुःख नाही. पण ज्योतीने तो आरपार जळून ब्लॉकला वेल्ड बसला तर सगळेच संपले. वेल्डिंगची अर्थिंगची तार ब्लॉकलाच, कामाच्या जवळ लावावी. क्रँकला किंवा चाकाकडे लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात. आतले सगळे तेल-डिझेल आधी पुसून काढलेले हवे. माझ्या मते हे काम ज्याने पूर्वी केले आहे त्यानेच करावे. नवशिक्याने ब्लॉक सरळ बोअरिंगच्या कारखान्यात न्यावा. तिथे यंत्रावर लायनर आतून कातून काढतात. मजुरी पडते, पण ब्लॉक शाबूत राहतो. छिन्नीने लायनर चिरून काढण्याचा जुना प्रकारही आहे. तो ओल्या जाड लायनरला एक वेळ चालेल. कोरड्यात छिन्नीचा ओरखडा ब्लॉकच्या भोकावर उठतो आणि नवा लायनर तिथे नीट टेकत नाही.

लायनर बाहेर आला की फेकून देण्याआधी त्याची बाहेरची बाजू निरखावी. ओल्या लायनरवर एका अंगाला सुईने टोचल्यासारखी बारीक भोके दिसली, तर तो नुसता गंज नव्हे. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याला लागून पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंडाचा कण कण उडवतात. अशी भोके आरपार गेली की पाणी ऑइलमध्ये उतरते. चांगल्या कूलंटमधली औषधी द्रव्ये लायनरवर पातळ कवच धरतात आणि हे बरेच रोखतात; साध्या पाण्यात ते कवच धरत नाही. आपल्या भागात विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घालूच नये. पत्र्यावरून उतरलेले दुसऱ्या-तिसऱ्या पावसाचे पाणी गाळून कॅनमध्ये भरून ठेवावे आणि त्यात कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे.

नवा ओला लायनर बसवताना ब्लॉकची खालची बैठक आणि वरचा खाचा पॉलिश पेपरने लखलखीत करावा. प्रथम रबरी रिंगा न घालता लायनर आत सोडून पाहावा. तो हाताने बसला पाहिजे. न बसला तर मळ राहिला आहे, ठोकू नये. बसल्यावर त्याचा काठ ब्लॉकच्या सपाटीपेक्षा किंचित वर यावा लागतो, म्हणजे हेड त्याला दाबून धरते. तो किती यावा हे त्या इंजिनाच्या पुस्तकात शतांश मिलिमीटरमध्ये दिलेले असते आणि ते मोजावेच. मग रिंगा साबणाच्या पाण्याने ओल्या करून, पीळ न पडू देता चढवाव्यात व लायनर दोन्ही हातांनी सरळ दाबावा.

ऑइल चेंबर बसवण्याची घाई करू नये. लायनर वरून पट्टी व बोल्ट लावून दाबून धरावेत, आधी पाण्याची पोकळी भरावी आणि रात्रभर खालून कागद अंथरून ठेवावा. सकाळी कागद कोरडा असला तर पुढचे जोडकाम सुरू करावे. ट्रॅक्टर कामाला लागल्यावर पहिल्या दहा-बारा तासांनी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल पुन्हा पांढुरके दिसले तर ट्रॉली जिथे असेल तिथेच सोडून इंजिन बंद करावे. खालची रबरी रिंग बसवताना मुडपली गेलेली असते, आणि त्या पाणी मिसळलेल्या ऑइलवर चार खेपा जास्त केल्या तर क्रँकची बेअरिंगही जातात.